परभणीच्या मोबाईल दुरुस्तीवाल्या भाऊंना, आमच्या धूळपाटीबद्दल

प्रिय भाऊ,

स.न.वि.वि.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. तुम्हीच म्हणाला होतात, "मॅडम, नावाचं राहू द्या, पोरं लिहायला लागली की तेवढं सांगा." पोरं लिहायला लागलीत. फोनवर सांगता आलं असतं, पण तुमच्या दुकानात फोनवर दोन वाक्यांच्या वर बोलणं होत नाही, तिसऱ्या वाक्याला कुणीतरी फुटलेला डिस्प्ले पुढं धरतं. आणि मला हे चार लोकांसमोर सांगायचं आहे. कुणाच्या तरी घरी ट्रंकेत असंच यंत्र पडलेलं असेल, त्यालाही उपयोग होईल.

गंगाखेडहून एसटीनं मी आले तेव्हा माझ्या पिशवीत रुमालात गुंडाळलेलं निन्टेंडो डीएस लाइट होतं, हातात धरून गेम खेळायचं दोन पडद्यांचं यंत्र. माझ्या भावानं पुण्यात नोकरीला असताना २००८ साली घेतलेलं. बिजागरीला तडा, बॅटरी मेलेली, आणि आत गेमच्या कॅसेटच्या जागी घालायचं एक आर-फोर जातीचं कार्ड. त्याआधी तीन दुकानांतून मी परत आले होते. कुणी म्हणालं पार्ट मिळत नाहीत, कुणी म्हणालं नवा मोबाईल घ्या. तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवलंत, यंत्र उघडून बघितलंत आणि विचारलंत, "ह्याच्यावर तुम्हाला करायचंय काय?"

हे मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. म्हणून मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. आमची वस्तीवरची शाळा, पहिली-दुसरीचा वर्ग. दिवाळी झाली की ऊसतोडीला कोयते निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको दोघंही जातात, आजी असेल तर लेकरू मागं राहतं, नसेल तर ट्रकमध्ये बसून कारखान्यावर जातं. गुढीपाडव्याच्या आसपास परत येतं तेव्हा दिवाळीपर्यंत घटवलेली अक्षरं पुसून गेलेली असतात. मला अशी पाटी हवी होती जी वर अक्षर दाखवील, खाली गिरवू देईल, आणि लेकरानं कसं गिरवलं ते जपून ठेवील. मोबाईलवर बोटानं गिरवता येतं, पण पेन्सिल धरायची पकड त्यातून येत नाही. डीएसचा खालचा पडदा दाब ओळखतो, त्याला काडीसारखं पेन लागतं. दोन पडदे, एक पेन, इंटरनेट नको. जुन्या काळी लाकडी फळीवर माती पसरून मुलं धुळाक्षरं काढायची, तीच ही धूळपाटी. बी.एस्सी.ला सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकले होते त्या जोरावर मी थोडाफार प्रोग्राम लिहिलाही होता.

तुम्ही स्टूल पुढं सरकवलंत. तेव्हा कळलं की डिप्लोमाला असताना होस्टेलवर तुम्ही स्वतः गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर, म्हणजे डीएसच्या आधीच्या निन्टेंडोच्या यंत्रावर, असले उद्योग केले होते.

कार्डाचं गणित मला तुमच्याकडूनच उमगलं. आपण लहानपणी ज्याला गेमची कॅसेट म्हणायचो, तसली कॅसेट यंत्रात घातली की आधी दोघांचं एकमेकांत बोलणं होतं. आर-फोरसारखं कार्ड त्या बोलण्यात खऱ्या कॅसेटसारखी उत्तरं देतं, यंत्राचा विश्वास बसला की स्वतःचा मेनू पुढं करतं, आणि मग मायक्रो एसडीवर आपण ठेवलेला प्रोग्राम चालतो. कंपनीची परवानगी न घेता घरी लिहिलेल्या अशा प्रोग्रामला होमब्रू म्हणतात. जगभर कितीतरी लोकांनी हौसेनं लिहिलेले, फुकट दिलेले चित्रकलेचे, गाण्यांचे, डायरीचे प्रोग्राम डीएसवर चालतात, ते तुम्ही मला दाखवलेत.

आणि त्याच वेळी भावाच्या कार्डावरचे कॉपी केलेले गेम बघून म्हणालात, "हे काढून टाका. शाळेत न्यायचंय ना?" याच कॉपी गेमपायी २००९ साली टोकियोच्या न्यायालयानं आणि २०१० साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयानं असली कार्डं विकणाऱ्यांच्या विरोधात निकाल दिले, हेही सांगितलंत. मी तिथंच ते फोल्डर पुसलं. दुसऱ्याचा गेम चोरून चालवणं वेगळं आणि आपण लिहिलेलं आपल्या यंत्रावर चालवणं वेगळं, हे तुम्ही दोन मिनिटांत स्पष्ट केलंत. माझ्या मनात त्या कार्डाबद्दल जी धाकधूक होती ती गेली.

बॅटरी, बिजागरी, कार्डाच्या पितळी पट्ट्यांवरचा काळा थर, ही कामं तुमच्या हाताला सवयीची. त्या तीन पाकळ्यांच्या स्क्रूसाठी तुम्ही जुन्या स्क्रूड्रायव्हरचं टोक घासून घेतलंत ते मात्र माझ्या लक्षात आहे.

खरी अडचण पुढं होती. माझ्या प्रोग्राममध्ये चारच अक्षरं असायची तोवर ठीक चालायचं. ग, म, भ, न. पूर्ण मुळाक्षरं घातली की पडदा पांढरा. मला वाटलं माझ्याच लिहिण्यात खोट आहे, आठ रात्री मी एकेक ओळ तपासत होते. तुम्ही ओळी बघितल्याच नाहीत. बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेननं मांडलंत: पडदा २५६ गुणिले १९२, दर ठिपक्याला २ बाइट, म्हणजे एका अक्षराचं चित्र ९६ केबी. अशी ४८ अक्षरं म्हणजे साडेचार एमबी. आणि डीएसची मुख्य मेमरी ४ एमबी. खाली दोन रेघा ओढून म्हणालात, "मॅडम, पोत्यात मावंना तर पोत्याचा काय दोष?"

गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचा प्रोसेसर कॅसेटमधलं थेट वाचतो, डीएसच्या कार्डातलं मात्र आधी मेमरीत उचलून आणावं लागतं, म्हणून होमब्रू प्रोग्राम अख्खा मेमरीत बसावा लागतो, हा फरक मला त्या दिवशी कळला. तेव्हा चित्रं प्रोग्रामच्या पोटात ठेवायची नाहीत, मायक्रो एसडीवर वेगळी ठेवायची आणि लागेल ते एकच अक्षर आत आणायचं. ते करायला गेले तर कार्ड उघडेनाच. त्यावर तुम्ही डीएलडीआय समजावलंत. बाजारात आर-फोरसारख्या फ्लॅश कार्डांच्या डझनावारी जाती, प्रत्येकीची एसडीशी बोलायची भाषा निराळी. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं सगळ्या भाषा कशा शिकायच्या? म्हणून प्रोग्राममध्ये दुभाष्यासाठी एक जागा मोकळी सोडायची आणि ज्या कार्डावर चालवायचं त्या कार्डाचा दुभाषा तिथं आणून बसवायचा. पुष्कळ कार्डं हे आपणहून करतात, आमचं करत नव्हतं. तुम्ही कॉम्प्युटरवर एका छोट्या टूलनं तो बसवून दिलात. 'क' वर आला, 'ख' आला, 'ज्ञ' पर्यंत सगळी आली. मी दुकानात टाळी वाजवली होती, तुम्हाला आठवत असेल.

मग रेष दिसेना. पेन फिरवलं तरी खालचा पडदा कोराच. त्या संध्याकाळी तुमच्या दुकानात वीज गेली, तुम्ही इन्व्हर्टरवर लॅपटॉप लावलात आणि मला रंगाचा आकडा सोळा बिटांत मांडून दाखवलात. पाच तांबड्याचे, पाच हिरव्याचे, पाच निळ्याचे. पंधरा झाले. "सोळावा कुठंय?" सोळावा बिट शून्य असला की तो ठिपका पारदर्शक. मी रंग बरोबर देत होते, तो ठिपका दिसावा की नाही एवढं सांगत नव्हते. एक आकडा बदलला आणि पडद्यावर पांढरी रेष उमटली. मुलांना एखादं अक्षर का येत नाही हे शोधताना मला आता हा सोळावा बिट आठवतो. लेकराला सगळं येत असतं, एकच काहीतरी चालू करायचं राहिलेलं असतं.

शाळेत नेल्यावर आणखी दोन गोष्टी निघाल्या. यंत्र सेकंदाला साठेक वेळा पेनची जागा विचारतं. मुलं पेन भरकन ओढतात, मग अखंड रेषेऐवजी ज्वारीचे दाणे सांडावेत तसे सुटे ठिपके पडायचे. दोन ठिपके रेषेनं जोडायचं तुम्ही फोनवर सांगितलंत, ते जमलं. दुसरी गोष्ट जास्त छळत होती. पेन उचलताना दाब कमी होतो आणि शेवटचा ठिपका भलतीकडेच नोंदला जायचा. 'म' सुंदर निघायचा आणि पेन उचललं की त्याच्या पायातून एक रेष कोपऱ्याकडे पळायची. दुसरीतली एक मुलगी यानं रडवेली झाली, तिला वाटलं आपलंच चुकलं. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही काही क्षण गप्प होतात. मग म्हणालात, "एक ठिपका मागं राहून काढा. पुढचा आला तरच आधीचा काढायचा, शेवटचा सोडून द्यायचा." ती दुरुस्ती मी त्याच रात्री केली. दुसऱ्या दिवशी त्या मुलीनं 'म' काढला, पेन उचललं आणि कोपऱ्याकडे बघत राहिली. रेष आली नाही. मग तिनं पूर्ण पडदा भरून म, म, म काढले.

ऑगस्टमध्ये मात्र माझा धीर सुटला होता. प्रत्येक लेकराचं गिरवलेलं अक्षर तारखेसह साठवायचं म्हणून मी यंत्राची तारीख नीट केली. बॅटरी बदलल्यापासून त्यात कुठलंतरी जुनं साल पडून होतं, मी चालू साल टाकलं. लगेच कार्डानं इंग्रजीत काहीतरी दाखवून पुढं जायलाच नकार दिला. अडीच महिन्यांचं काम गेलं असं वाटून मी रात्री नऊला तुम्हाला फोन केला. तुम्ही एवढंच विचारलंत, "आज काय बदललं?"

"तारीख."

"मागं न्या. चालू होतंय बगा."

झालं चालू. असल्या काही नकली कार्डांच्या सिस्टिममध्येच तारखेचं कुलूप घातलेलं असतं, ठरावीक दिवस उलटला की कार्ड बंद पडतं आणि गिऱ्हाईक नवं विकत घेतं, याला टाइमबॉम्ब म्हणतात हे तुम्ही सांगितलंत. चांगलं कार्ड केवळ तारखेपायी कचऱ्यात जावं याचा मला अजून राग येतो. लेकराच्या हातात पाटी देऊन मग ती हिसकावून घ्यावी, तसं ते आहे.

आता आमच्या धूळपाटीत दिवस-महिना खरा आहे, साल २०१२. फाईलच्या नावात खरं साल प्रोग्राम घालतो.

भाऊ, तुम्ही माझ्याकडून बॅटरीचे आणि बिजागरीचे पैसे घेतलेत, बाकी कशाचेच नाहीत. मी आग्रह केला तेव्हा तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलात. त्या बिलाच्या मागं मांडलेलं गणित मी माझ्या टाचणवहीत चिकटवलंय. आणि मनापासून सांगते, तुम्ही मला एकदाही "तुम्हाला कशाला हे" असं म्हणाला नाहीत. गावाकडच्या बाईमाणसानं सी लिहावं, तेही खेळण्यावर, याचं तुम्हाला नवल वाटलं नाही. तुम्ही थेट कामाचं बोललात. आठ रात्री एकटीनं बसून जे सुटलं नव्हतं ते तुमच्या स्टुलावर तासाभरात सुटलं, आणि पुढच्या वेळी काय तपासायचं हेही मी तिथूनच घेऊन आले.

यंदा मागं राहणारी सात लेकरं आहेत. दुपारच्या सुट्टीत पाळीपाळीनं धूळपाटी घेतात. जी पाच ट्रकमधून गेली, त्यांनी दिवाळीआधी काढलेली अक्षरं कार्डावर आहेत. पाडव्याला आली की त्यांचीच अक्षरं त्यांना दाखवून तिथून पुढं सुरू करणार आहे.

आणखी एक डीएस लाइट मिळालं आहे, सहकारी शिक्षकांच्या पुतण्याचं. वरचा पडदा येत नाही, आवाज येतो. बिजागरीतून जाणारी पट्टी तुटली असावी असा माझा अंदाज आहे, पण उघडलेलं नाही. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी पहिल्या गाडीनं घेऊन येते. सोबत हुरडा आणते, आमच्याकडे तो तेव्हा चांगला भरलेला असतो. आणि ३१ डिसेंबरच्या रात्री जुन्या यंत्राचं साल परत २०१२ करायचं आहे, भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या चौकटीला लाल गोल करून ठेवलाय.

आपली,
वस्तीवरच्या शाळेतल्या बाई