पूर्वजांची कबर घासू नका

संपादक महोदय,

पूर्वजांच्या कबरी शोधत जुन्या शहरात केलेल्या भटकंतीवरचा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. लेख मनाला भिडला. पण पुसट अक्षरे वाचण्यासाठी दगड तारेच्या ब्रशने घासून वर खडू फिरवण्याचा जो सल्ला त्यात आहे, त्याला माझी ठाम हरकत आहे.

संगमरवर आणि चुनखडक म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लागले की तो विरघळतो, तारेने घासला की झिजतो. अशीच ‘स्वच्छ’ केलेली एक कबर मी पाहिली आहे. शेवाळ गेले होते, दगड पांढराफटक झाला होता आणि जन्मसालाचे शेवटचे दोन आकडे बोट फिरवूनही लागत नव्हते. त्या घराकडे दुसरी नोंद नसेल, तर ते साल कायमचे गेले.

अक्षरे वाचायला तिरपा उजेड पुरतो. सकाळचे कोवळे ऊन किंवा बाजूने धरलेला आरसा, की अक्षरांच्या सावल्या उठतात आणि फोटोत नाव स्पष्ट येते. निघण्यापूर्वी दफन नोंदवही कुठे आहे, हेही विचारावे. महायुद्धांत पडलेल्या राष्ट्रकुल सैनिकांची नावे तर १९१७ साली स्थापन झालेल्या युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येतात.

सुट्ट्यांचा हंगाम तोंडावर आहे. त्याआधी आपण या सल्ल्याची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक वाचक