हॉलसाठी एक घोंगडी द्या : साहित्यप्रेमी कोल्हापूरकरांना आवाहन

मंडळी नमस्कार, विषय जरा वेगळाय, पण शेवटपर्यंत वाचा.

आपल्या महिन्याच्या साहित्य बैठकीला कॉलेजनं त्यांचा कॉन्सर्ट हॉल द्यायचं कबूल केलंय, तेही भाडं न घेता, फक्त लाईटबिल आणि वॉचमनचे पैसे आपले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हापासून गावात हॉल मिळवायला काय जोडण्या लावाव्या लागतात हे कार्यक्रम करणाऱ्यांना सांगायला नको, शाहू स्मारकची तारीख नाटकवाले, गाण्यावाले, व्याख्यानमालावाले सगळ्यांनाच पाहिजे, त्यात आमच्या पन्नास-साठ टाळक्यांच्या कविसंमेलनाला कोण विचारतंय. कॉलेजचे खरंच आभार.

आता अडचण. हॉल बांधलाय गाण्यासाठी. उंच छत, गुळगुळीत भिंती, खाली फरशी. तंबोरा लागला की अंगावर काटा येतो, पण कवितेची तिथंच वाट लागते, कारण सूर थोडा रेंगाळला तर गोड वाटतो आणि शब्द रेंगाळला की पुढच्या शब्दावर जाऊन बसतो. गाण्याच्या हॉलात आवाज विरायला दीड-दोन सेकंद लागले तरी चालतंय, बोलणं मात्र सेकंदाच्या आत विरायला पाहिजे. हॉल भरला असला तर माणसंच निम्मा आवाज शोषून घेतात म्हणा, पण साहित्याच्या कार्यक्रमाला हॉल भरतोय कधी! मराठीत गझल आणणारे माधव जूलियन ज्या गावात राजाराम कॉलेजला शिकवायचे, त्या गावात मागच्या बैठकीला प्रत्येक शेर मागच्या भिंतीवर आपटून परत यायचा, ‘मुकर्रर’ (म्हणजे ‘पुन्हा एकदा’) म्हणायची वेळच आली नाही राव.

काहीजण म्हणाले मोठे स्पीकर घ्या. नको. आवाज वाढवला की घुमणं पण तेवढंच वाढतं, शब्द काही सुटा होत नाही. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका लेक्चर हॉलची हीच बोंब होती, तेव्हा वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकानं जवळच्या थिएटरातल्या बाकांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि सकाळच्या आत परत नेऊन टाकायच्या, असं करत करत या विषयाचं शास्त्रच उभं केलं. आपल्याला गाद्या कशाला, पट्टणकोडोलीची घोंगडी आहे की!

जाड लोकरीची घोंगडी लाकडी चौकटीवर ताणून मागच्या भिंतीपासून चार बोटं लांब उभी करायची, मागं हवा राहिली की शोषण अजून चांगलं होतं. बैठक संपली की चौकटी काढून ठेवायच्या, गाणाऱ्यांचा हॉल बिघडवायचा आपल्याला काही अधिकार नाही. लोकरच का, तर कॉलेजची अट आहे की पटकन पेट घेणारं कापड चालणार नाही, आणि नाट्यगृह डोळ्यांदेखत गेल्यावर ती अट बरोबरच आहे.

म्हणून घरात पडून असलेली घोंगडी द्या. जुनी चालेल, कसर लागलेली नको, उन्हात घालून आणा. लेखक मंडळींना हात जोडून सांगतो, सत्कारात मिळालेल्या शाली आणू नका, बहुतेक ॲक्रिलिकच्या असतात (कपाटं रिकामी करायची घाई कळते आम्हाला). जाजम असेल तर फारच बरं. पैसे लागणार आहेत ते लाकडी पट्ट्या, एक कॉलर माईक आणि आग विझवायचा सिलिंडर यासाठी, शंभर रुपये दिले तरी पावती मिळेल, पण मंडळ छोटं आहे, टॅक्सची सवलत मिळणार नाही हे आधीच सांगतो. आणि पैशापेक्षा जास्त गरज एका सुताराची आणि दोन शिलाई मशीनवाल्यांची आहे, चहा-भडंग आमच्याकडं.

येत्या दुसऱ्या शनिवारी दुपारी चारपासून हॉलवरच सामान घेतोय. घोंगडीच्या कोपऱ्याला नाव लिहिलेली चिठ्ठी शिवून आणा, म्हणजे उद्या परत पाहिजे झाली तर ओळखता येईल. गाडी मागच्या गेटनं आणा, पुढचं शनिवारी बंद असतंय.