दृष्टी गेलेल्या कुत्र्याला बांधून ठेवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरच्या कुत्र्याची दृष्टी गेली की त्याला सोप्यावरच्या खांबाला कायमचे बांधून ठेवायचे, हा प्रकार आपल्या गोव्यात आजही पाहायला मिळतो. त्यामागे निष्ठुरता नसते. ते कुठेतरी धडपडेल, विहिरीत पडेल, ही काळजी असते. तरीही हा उपाय मला अन्यायाचा वाटतो आणि चतुर्थी तोंडावर आलेली असताना त्याविषयी लिहिणे आवश्यक वाटते.

वय झाले म्हणून दिसत नाही, असे परस्पर ठरवून मोकळे होऊ नये. मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया होऊ शकते. काचबिंदूत मात्र डोळ्यातील दाब वाढून तीव्र वेदना होतात आणि थोडाही उशीर झाला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. गोचिडींपासून होणारा तापही डोळ्यांवर जाऊ शकतो. त्यामुळे डोळा लाल किंवा धुरकट दिसू लागला, अथवा कुत्रे अचानक भिंतीला आपटू लागले, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.

दृष्टी परत येणार नाही हे नक्की झाले, तरी नाक आणि कान शाबूत असतात आणि त्यांच्या आधारे कुत्रे घराची वाट नव्याने शिकते. अट एकच, घर जागचे हलू नये. पाण्याचे भांडे, अंथरूण, खुर्च्या ठरल्या ठिकाणीच असाव्यात आणि विहिरीला कठडा नसेल तर तेवढी बाजू जाळीने बंद करावी. आमच्या कुत्रीसाठी आम्ही चिऱ्यांच्या पायऱ्यांच्या वर आणि खाली काथ्याची पायपुसणी घातली. तो खरखरीत स्पर्श पंजाला लागताच ती थबकते, नाक खाली नेऊन कड हुंगते आणि मगच पाऊल टाकते. प्रत्येक वेळी ‘पायरी’ हा एकच शब्द घरातल्या सर्वांनी उच्चारल्याने तिला तो लवकर उमगला.

चतुर्थीत नेमके हेच सारे विस्कटते. मखरासाठी सामान हलते, गणपतीच्या वर फळे-भाज्या टांगून सजवायच्या माटोळीच्या तयारीत त्यांच्या पाट्या वाटेत येतात, उंबऱ्यापाशी चपलांचा ढीग पडतो. घुमट-शामेळ या वाद्यांचा नाद आणि फटाके सुरू झाले की ज्या कानांवर तिची सारी भिस्त, तेही निकामी ठरतात. म्हणून मागच्या बाजूची एक खोली सणापुरती जशीच्या तशी ठेवावी, कुत्रीचे अंथरूण व पाणी तिथेच असावे आणि आरतीच्या वेळी घरातले कुणीतरी जवळ बसावे. बदललेल्या दिवाणखान्यातून तिला पट्टा धरून सावकाश फिरवून आणावे.

झोपेत अचानक हात लागला तर न दिसणारे कुत्रे दचकून चावूही शकते. त्यामुळे पाहुण्यांच्या मुलांना दारातच सांगून ठेवावे, की आधी तिला नावाने हाक मारा, हात हुंगू द्या आणि मगच कुरवाळा.

आपला विश्वासू,
एक वाचक, फोंडा