टिकली लांबट दिसते : ‘ये जो है जिंदगी’च्या डीव्हीडी संचाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : सदोष डीव्हीडी संच बदलून मिळणे अथवा पैसे परत मिळणेबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. १९८३पासून पस्तीस वर्षं टीव्ही दुरुस्तीचं काम केलं, आता घरीच असतो. आपल्या कंपनीने काढलेला ‘ये जो है जिंदगी’ या दूरदर्शनवरच्या जुन्या हिंदी विनोदी मालिकेचा सहा चकत्यांचा संच मी नोव्हेंबरात १,७९९ रुपये भरून मागवला. तो सदोष आहे. आपल्या ग्राहक सेवेच्या नंबरावर तीनदा फोन केला, तिन्ही वेळा वेगळं उत्तर मिळालं. म्हणून आता सविस्तर लिहितो आहे. पत्र लांबलं तरी कृपया शेवटपर्यंत वाचा. जे लिहिलंय ते मोजून, तपासून लिहिलंय.

संच का मागवला ते आधी सांगतो. २०२५ची भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते, तेव्हा या मालिकेतले नट सतीश शाह गेल्याची बातमी आली. माझी पत्नी बराच वेळ टीव्हीसमोर बसून राहिली आणि मग म्हणाली, “अहो, ते शुक्रवारचं कुठं मिळतं का बघा ना.” आमच्या घरात या मालिकेला नावाने कोणी ओळखत नाही, ‘शुक्रवारचं’ म्हणतात. १९८४ साली ती सुरू झाली तेव्हा आमचं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आमच्या बोळात टीव्ही एकच होता, तोही माझ्याकडे दुरुस्तीला आलेला आणि मालकाने न नेलेला. चौदा इंची, ब्लॅक अँड व्हाइट. शुक्रवारी संध्याकाळी मी पत्र्यावर चढून अँटेनाचा पाइप फिरवायचो आणि खालून पत्नी ओरडायची, “आलं! आलं! गेलं! थोडं मागं!” मालिका सुरू व्हायच्या आत पंचवीस-तीस माणसं जमायची. शेजारी मागावर काम करणारी तेलुगू बोलणारी माणसं. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या आजींना हिंदीचा एक शब्द कळत नव्हता. पण सतीश शाह आत आले की त्या सगळ्यांच्या आधी हसायच्या.

आता मुद्दा असा, की ही मालिका रंगीत होती. आपल्याकडे दूरदर्शन १९८२मध्ये रंगीत झालं, पण रंगीत सेट बोळातल्या कोणाला परवडणार? आम्ही सगळं काळ्या-पांढऱ्यातच पाहिलं. मालिकेतल्या रेणूच्या, म्हणजे स्वरूप संपत यांच्या, साडीचा रंग कोणता असेल यावर बायकांची चर्चा व्हायची. पत्नी म्हणायची जांभळी, शेजारीण म्हणायची मोरपंखी. म्हणजे चाळीस वर्षांनंतर आम्ही ही मालिका पहिल्यांदाच रंगांत बघणार होतो. हे आपल्याला किरकोळ वाटेल, आमच्यासाठी ते किरकोळ नव्हतं.

संच डिसेंबरात आला. तो लगेच फोडला नाही, कारण मुलगी आणि जावई संक्रांतीला, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला येणार होते आणि पत्नीची इच्छा सगळ्यांनी मिळून बघायची होती. जानेवारीत यात्रेच्या दुसऱ्या रात्री जेवणं झाल्यावर पहिली चकती लावली.

दोष पहिल्यांदा माझ्या नव्हे, पत्नीच्या लक्षात आला. पाच मिनिटं झाली असतील. ती म्हणाली, “अहो, हिची टिकली अशी आडवी का दिसतेय?” मी चित्र थांबवलं आणि शिवणाच्या डब्यातली मोजपट्टी आणून पडद्यावर धरली. स्वरूप संपत यांचा चेहरा जवळून दिसतो तिथे टिकली रुंदीला २० मिलिमीटर आणि उंचीला १५ भरली. २० आणि १५, म्हणजे ४ आणि ३. टीव्हीच्या धंद्यातल्या माणसाला एवढं पुरे. त्या काळचं चित्र ४:३ आकाराचं असायचं, आजचे टीव्ही १६:९ असतात. जुनं चित्र काळ्या कडा न ठेवता नव्या पडद्यावर ताणलं, की रुंदी बरोबर एक तृतीयांशाने वाढते. पहिल्या तीन चकत्यांवर आपण हेच केलं आहे. रेणूच्या नवऱ्याचं काम करणारे शफी इनामदार मुळात अंगाने भरलेले, ते आणखी पसरलेत. राकेश बेदी ओळखू येत नाहीत.

आपल्या माणसाने पहिल्या फोनवर सांगितलं, “टीव्हीची सेटिंग बदला.” टीव्हीवर ४:३ केलं की टिकली गोल होते, हे मान्य. पण दोष टीव्हीचा नाही. चित्राचा आकार कोणता ते प्लेअरला सांगणारी एक खूण चकतीवरच नोंदवलेली असते. आपण ४:३ चित्राला १६:९ची खूण लावली आहे. खात्रीसाठी मी माळ्यावरचा एकवीस इंची जुना पिक्चर ट्यूबचा सेट खाली काढला. त्याचा पडदाच मुळी ४:३ आहे, तिथे हे चित्र काठोकाठ बसायला हवं होतं. तर प्लेअरने आपली खूण मानून वर-खाली काळ्या पट्ट्या टाकल्या आणि टिकली तिथेही लांबटच. दोन वेगळे टीव्ही, एकच दोष. मग दोष कशात आहे?

चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या चकतीवर तर याहून वाईट प्रकार आहे. तिथे चित्र ताणलेलं नाही, वरून-खालून कापलं आहे. ४:३चं १६:९ करायला उंचीचा चौथा हिस्सा कापावा लागतो. आपल्याकडच्या पाल (PAL) पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्राच्या ५७६ ओळी असतात, त्यातल्या मूळ चित्राच्या ४३२च उरल्या. त्याच पुन्हा ताणून मोठ्या केल्यात, म्हणून चित्र पिठूळही दिसतं. ही मालिका घरातली आहे. एक जण सोफ्यावर बसलेला, दुसरा त्याच्यामागे उभा, असे प्रसंग सतत येतात. आपल्या चकत्यांवर उभ्या माणसाचं कपाळ नाही आणि बसलेल्याच्या हातातला कप नाही. विनोद बऱ्याचदा मागे उभा असलेला माणूस तोंड कसं करतो त्यात असतो. ताणलेलं चित्र रिमोटने सरळ करता येतं, कापलेलं कपाळ कुठल्या बटणाने परत येणार?

आमच्या घराच्या तिन्ही बाजूंना यंत्रमाग आहेत. सोलापुरी चादरीला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा इथल्या प्रत्येकाला अभिमान आहे. इथे विणताना एक उभा धागा तुटून राहिला तरी ती चादर बाजूला निघते आणि ‘सेकंड’ म्हणून, तसं सांगून, कमी भावात जाते. पलंग मोठे आले म्हणून कोणी जुनी चादर ओढून-ताणून बसवत नाही आणि नक्षीची किनार कापून ‘अखंड’ म्हणून विकत नाही. आपल्या खोक्यावर मात्र ठळक अक्षरांत ‘संपूर्ण, मूळ स्वरूपात’ असं छापलेलं आहे.

आता भागांविषयी. खोक्यावर ४८ भाग लिहिलेत, एका चकतीवर आठ. मोजले तर ४७ आहेत. दुसऱ्या चकतीवरचा पाचवा भाग चौथ्या चकतीवर तिसरा म्हणून पुन्हा घातला आहे, एकदा ताणलेला आणि एकदा कापलेला. हे कोणाच्या लक्षात येणार नाही असं आपल्याला वाटलं का, हा माझा सरळ प्रश्न आहे. या मालिकेची ओळखच ही, की सतीश शाह दर भागात नव्या भूमिकेत यायचे. नवा वेश, नवी बोली, नवी चाल. आज ते कोण होऊन येणार, याचीच आम्ही आठवडाभर वाट बघायचो. तोच वेश पुन्हा आला की ज्याने ही मालिका एकदाही मन लावून पाहिली आहे त्याला अर्ध्या मिनिटात कळतं. संच भरताना आपल्याकडच्या एकाही माणसाने तो सलग बसून पाहिला नाही, असाच याचा अर्थ मी घेतो.

आठ भाग म्हणजे तीन तासांच्या वर चित्रण आणि ते ४.७ जीबीच्या एकाच थराच्या चकतीत कोंबलंय. माणूस भराभर चालत गेला की मागची भिंत चौकड्यांत फुटते, हात हलला की त्याच्या कडेला कंगव्याचे दाते दिसतात. रंगांचं तर बोलायलाच नको. सगळ्यांचे चेहरे शेंदरी झालेत. साडी जांभळी की मोरपंखी हा प्रश्न चाळीस वर्षांनीही सुटला नाही, कारण आपल्या चकतीवर ती धड कुठल्याच रंगाची नाही. पत्नी काही बोलली नाही, उठून आत गेली.

मी अवास्तव काही मागत नाही, हेही नोंदवतो. मूळ टेप चाळीस वर्षांची आहे. मधूनच पांढरी रेघ चमकून जाणं, लाल रंग कडेने थोडा ओघळणं, आवाजामागे बारीक खरखर, हे सगळं टेपच्या वयाचं आहे आणि त्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. उलट ती खरखर ऐकून जुना सेट आठवला. माझी तक्रार टेप आपल्या हातात आल्यानंतर जे झालं त्याची आहे.

त्यातलं सगळ्यात जास्त लागलं ते शीर्षकगीताचं. पहिल्या भागात ते पूर्ण आहे. पुढच्या सगळ्या भागांत दहा-बारा सेकंदांत तोडून थेट प्रसंग सुरू होतो. किशोरकुमारांचा आवाज आहे तो! आमच्या बोळात तो आवाज ऐकू आला की बायका हातातलं काम टाकून यायच्या, मागावरची पोरं मालकाची नजर चुकवून यायची. शिवाय त्या गाण्याबरोबर नावं जातात. गाणं कापलं म्हणजे नावंही कापली. सुरुवातीचे भाग शरद जोशींनी लिहिले होते. आमच्याकडे हे नाव घेतलं की लोकांना शेतकरी संघटनेचे शरद जोशी आठवतात, त्या काळी वर्तमानपत्रांत रोज तेच असायचे. मीसुद्धा बरीच वर्षं हे दोघे एकच समजत होतो. हे शरद जोशी हिंदीतले मोठे व्यंगलेखक, १९९१ साली गेले. जावयाला हे सांगावं म्हणून मी खोकं उलटंसुलटं करून पाहिलं. लेखकाचं नाव कुठेच नाही. दिग्दर्शकांत कुंदन शाह होते, त्यांचंही नाही. आपल्या कंपनीचं चिन्ह मात्र पाच ठिकाणी आहे, वर चित्राच्या उजव्या कोपऱ्यातही सतत राहतं. शफी इनामदार १९९६मध्येच गेले, आता सतीश शाह गेले. ज्यांनी हे केलं त्यांची नावं तरी तीस-चाळीस सेकंद पडद्यावर राहायला काय हरकत होती?

दुसऱ्या फोनवर मला “तुमचा प्लेअर जुना असेल” असं सांगण्यात आलं. मी भाच्याच्या कॉम्प्युटरवर चकत्या लावून पाहिल्या, दोष तेच. तिसऱ्या फोनवर उत्तर मिळालं, की माल हातात पडल्यापासून सात दिवसांत कळवायला हवं होतं. वाटेत खोकं चेपलं, चकती तडकली, तर सात दिवसांची अट मी समजू शकतो. हा दोष वाटेत झालेला नाही, तो छापतानाच आहे. सात दिवसांत कळवलं काय किंवा सत्तर दिवसांनी, टिकली तेवढीच लांबट राहणार.

माझी मागणी अशी, की संच मूळ ४:३ आकारात, न कापता, शीर्षकगीत आणि नावांसह पुन्हा काढावा आणि ज्यांनी हा घेतला आहे त्यांना तो विनामूल्य बदलून द्यावा. तसा काढणं शक्य नसेल तर माझे १,७९९ रुपये आणि चकत्या परत पाठवण्याचा खर्च द्यावा आणि उरलेल्या खोक्यांवरून ‘संपूर्ण, मूळ स्वरूपात’ हे शब्द काढावेत. खरं सांगायचं तर मला पैशांपेक्षा संच हवा आहे. नीट केलेल्या संचासाठी पाचशे रुपये जास्त लागले तरी मी देईन.

हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी उत्तर यावं. न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी राहतो तिथल्या, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे मला तक्रार करता येते आणि मी ती करीन. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करण्याचीही तयारी आहे. खरेदीची पावती, दोन्ही टीव्हींवर मोजपट्टी धरून काढलेले फोटो आणि दोनदा आलेल्या भागाचे दोन्ही ठिकाणचे फोटो सोबत जोडले आहेत. नाव-पत्ता आणि फोन नंबर पावतीवर आहेच. फोन शक्यतो संध्याकाळी सातनंतर करावा, दिवसा मागांच्या आवाजात ऐकू येत नाही.

संच आम्ही पुन्हा खोक्यात भरून ठेवला आहे. मुलगी आता उन्हाळ्याच्या सुट्टीत येईल. तोपर्यंत दुसरा संच आला तर बरं होईल.

आपला,
एक ग्राहक
पूर्व भाग, सोलापूर