सोनूस पत्र

पुणे, भैरोबा नाला
११ फेब्रुवारी

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन तू ठेवलास की मधेच बंद पडला, हे मी विचारत नाही. आईला सांगितलंय, रेंज गेली म्हणून. पण सोनू, पंधरा मिनिटांत तुझा डावा हात एकदाही समोर आला नाही. चहाचा कप उजव्या हातात, केस मागे सारलेस तेही उजव्यानंच. तू डावखुरी आहेस. चाळीस वर्षं मुक्या जनावरांचे पाय चाचपले मी, एवढं मला कळतं. तू म्हणालीस, "काही नाही हो आबा," आणि मी आवाज चढवला. चढवायला नको होता.

हाताचा विषय काढायचा नाही असं ठरवून लिहायला बसलो होतो. असो.

आज आपल्या फ्रँकेल घोड्याचा वाढदिवस. कागदावर रेसच्या सगळ्या घोड्यांचा तिकडे १ जानेवारी असला तरी तो जन्मला ११ फेब्रुवारी २००८ ला. तुला तो शनिवार आठवतो ना, २० ऑक्टोबर २०१२ चा? नानाच्या दुकानातला कॉम्प्युटर, तू बारा वर्षांची. इंग्लंडातल्या अ‍ॅस्कॉटच्या रेसकोर्सची जमीन पावसानं मऊ झालेली. गेट उघडलं आणि आपला घोडा मागेच राहिला. तू माझं मनगट असं आवळलंस की दुसऱ्या दिवशीही वळ होते. मग शेवटच्या वळणानंतर तो आला, आणि सीरस देझेग्ल या घोड्याला पावणेदोन लेंग्थनी, म्हणजे जवळपास दोन घोड्यांच्या लांबीनं, मागे टाकून गेला. चौदापैकी चौदा रेस जिंकल्या. नानानं सगळ्यांना चहा पाजला. मैदानात फ्रँकेलला धरून चालवणारा साईस भारतातून गेलेला आहे, हे कळलं तेव्हा तू म्हणालीस, "मग मीपण जाणार." इथे तर कुणी तुझ्या हातात खरारासुद्धा दिला नाही. मुलीचं काम नाही म्हणाले. आता नालबंद मामू रोज विचारतो, "बिटिया कैसी है?" मी सांगतो, इंग्लंडात न्यूमार्केटला घोड्या सांभाळते.

लोकांना त्याची २०११ ची गिनीज रेस आठवते, अर्ध्या वाटेतच पंधरा लेंग्थ पुढे गेलेला घोडा. मला मात्र २०१२ चा एप्रिल आठवतो. सकाळच्या सरावात त्याच्या पुढच्या पायाला इजा झाली. घोडा संपला, आता थेट स्टडला, म्हणजे पैदाशीला, अशी आवई उठली. त्याचे ट्रेनर हेन्री सेसिल स्वतः कॅन्सरशी झुंजत होते. पण त्यांनी पाय तपासून घेतला, स्कॅन केला, वाट पाहिली. १९ मे रोजी न्यूबरीला तोच घोडा पाच लेंग्थनी जिंकला आणि जूनमध्ये क्वीन अ‍ॅन ही रेस अकरा लेंग्थनी. पायाची गोष्ट कुणी दडवून त्याला तसाच पळवला असता, तर? स्टडला तो तसाही गेला असता, पण ती अकरा लेंग्थ कुणालाच दिसली नसती.

मी दडवलं होतं, तुला माहीत आहे. मुंबईच्या सीझनसाठी ट्रकमध्ये चढवताना लाडीनं गुडघ्यावर लाथ हाणली. सांगितलं तर घोडी दुसऱ्याच्या हातात जाईल, या भीतीनं महालक्ष्मी रेसकोर्सवर सगळा सीझन हळद लावून काढला. तेव्हापासून पंगतीला बसता येत नाही. तुझ्या दादाच्या लग्नातही खुर्ची मागावी लागली.

आता तुमच्याकडे पैदाशीचा हंगाम सुरू होईल. रेसच्या घोड्यांच्या या जातीत कृत्रिम रेतनाचं इंजेक्शन चालत नाही, घोडी वळू घोड्याला प्रत्यक्षच दाखवावी लागते. म्हणजे वळूही अंगावर आणि घोडीही, मधे तुम्ही माणसं. रात्री वेत. नुकती व्यालेली घोडी शिंगराजवळ स्वतःच्या आईलासुद्धा येऊ देणार नाही. तिच्या मागे उभी राहू नकोस. आत जाण्याआधी आवाज दे. हेल्मेट घाल. हात सुजला असेल तर

पुन्हा तेच. माफ कर. हे सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

तू मागे म्हणालीस, तिथल्या मुली तुझ्यापेक्षा चपळ आहेत. १३ ऑगस्ट २०१० ला फ्रँकेलच्या पहिल्या रेसमध्ये अर्ध्या लेंग्थनं मागे राहिलेला नॅथनियल पुढे एनेबलचा बाप झाला, आणि तिनं पॅरिसची आर्क ही मोठी रेस दोनदा जिंकली. फ्रँकेलची एक घोडी दाखवण्याची फी २०२४ ला साडेतीन लाख पौंड होती, त्याची मुलगी अल्पिनिस्टाही आर्क जिंकली, ते सगळं खरं. पण मला नॅथनियलही आवडतो. सुट्टी मागितलीस म्हणून तुला कुणी कमी लेखणार नाही. लेखलंच, तर परत ये. नको, परत येऊ नकोस. आधी हात दाखव डॉक्टरांना.

फ्रँकेलला लांबून तरी पाहिलंस का? कसा दिसतो आता, मान भरलीय का, ते लिही.

आईनं मेतकूट आणि लसणाची चटणी पाठवलीय. प्रवासात सांडू नये म्हणून मी पार्सलला चिकटपट्टी जरा जास्तच मारलीय, उघडायला दोन्ही हात लागतील. उघडशील तेव्हा फोन चालू ठेव.

तुझा
आबा