डिस्कोला इतकं हलक्यात घेऊ नका

संपादक साहेब,

पुरवणीत डिस्कोला नुसता ढिंच्याक गोंगाट म्हणून निकालात काढलंय, ते काही पटलं नाही बुवा. 'सॅटरडे नाइट फीव्हर' या सिनेमाच्या गाण्यांचा १९७७ चा डबल अल्बम एकदा हेडफोन लावून नीट ऐका आणि मग बोला. बी जीज, म्हणजे त्यातली गाजलेली गाणी करणारे बँडवाले, तेव्हा फ्रान्समधल्या एका जुन्या हवेलीत रेकॉर्डिंग करत होते, ड्रमरला घरच्या आजारपणामुळे अचानक जावं लागलं, मग यांनी काय केलं तर 'नाइट फीव्हर'च्या ड्रम्सचा छोटा तुकडा कापून टेपचा लूप बनवला आणि तोच 'स्टेइंग अलाइव्ह'च्या खाली फिरवत ठेवला, म्हणून तो ठेका असा एकदम पक्का, जराही हलत नाही. आज कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम, तेव्हा कात्री आणि चिकटपट्टी! त्या गाण्याचा वेग मिनिटाला साधारण १०३ ठोके, म्हणून सीपीआर (हृदय बंद पडल्यावर साधारण त्याच वेगाने छाती दाबत राहायचा प्रथमोपचार) शिकवताना आजही तेच गाणं सांगतात.

आणि गंमत म्हणजे शूटिंगला सिनेमाचा हिरो जॉन ट्रॅव्होल्टा भलत्याच गाण्यांवर नाचत होता, ही गाणी नंतर आली.

अमेरिकेत अल्बम सलग २४ आठवडे एक नंबरला होता, ग्रॅमीही मिळालं, पण ऑस्करवाल्यांनी गाण्यांना साधं नॉमिनेशन दिलं नाही, कमाल आहे. सगळंच भारी आहे असं नाही हं, त्यातली बीथोव्हनच्या सिंफनीची डिस्को आवृत्ती मी तरी वगळून पुढे जातो. पण त्यातलंच 'डिस्को इन्फर्नो' हे गाणं मात्र पूर्ण ऐका, मोठी आवृत्ती, जवळजवळ ११ मिनिटांची.

– एक वाचक, डोंबिवली