विटांवरची नावे दाखवणाऱ्या आजींस

आदरणीय आजी,

शिरसाष्टांग नमस्कार.

निवासी शाळांत नेल्या गेलेल्या मूळनिवासी मुलांसाठीच्या ३० सप्टेंबरच्या स्मरणसभेला तुम्ही आम्हां काही मराठी कुटुंबांना आग्रहाने बोलावले आणि सभा संपल्यावर, पाय दुखत असतानाही, ब्रँटफर्डच्या मोहॉक इन्स्टिट्यूट या अशाच एका जुन्या निवासी शाळेच्या मागच्या भिंतीपर्यंत आम्हांला नेले, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ओंटारिओतल्या इतर मराठी माणसांनीही ते वाचावे, म्हणून ते जाहीर ठेवले आहे.

कॅनडाच्या नागरिकत्वाची शपथ घेताना फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी या इथल्या मूळनिवासी लोकांच्या हक्कांचा उल्लेख मी उच्चारला होता. निवासी शाळांचा इतिहास तपासणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाच्या ९४ शिफारशींपैकी शेवटची शिफारस नेमकी त्यासाठी होती आणि २०२१ मध्ये शपथ बदलली, हे मला तुमच्याकडून समजले. ३० सप्टेंबरला शाळेत मुले नारिंगी शर्ट घालतात, याहून अधिक मला काही ठाऊक नव्हते. ही प्रथा ज्यांच्या आठवणीतून आली त्या फिलिस वेबस्टॅड यांना त्यांच्या आजीने घेऊन दिलेला नवा नारिंगी शर्ट १९७३ साली निवासी शाळेत पहिल्याच दिवशी काढून घेतला गेला, तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. माझी मुलगीही सहाच वर्षांची आहे.

मोहॉक इन्स्टिट्यूटला तिथली मुले 'मश होल', म्हणजे लापशीचे बीळ, का म्हणत, हे तुम्ही सांगितलेत, तेव्हा मला बोलता आले नाही. आमच्या घरी आजारातून उठलेल्या लेकराला मायेने भरवतात ती लापशी, आणि इथे घरापासून तोडलेल्या मुलांच्या पुढ्यात रोज येणारी तीच पातळ, बेचव लापशी. त्यांना हाक मारली जाई ती क्रमांकाने. कदाचित म्हणूनच त्यांनी मागच्या विटांवर आपली नावे कोरून ठेवली असतील. तुम्ही त्यांतले एकेक अक्षर माझ्या मुलीला बोटाने दाखवलेत आणि ती वाचत असताना थांबून राहिलात.

आणखी एका गोष्टीसाठी मी तुमची ऋणी आहे. देशभरातून सुमारे १,५०,००० मुले अशा शाळांत नेली गेली आणि आईची भाषा बोलली म्हणून तिथे त्यांना शिक्षा होत असे. १९७० पर्यंत जिथे ही शाळा चालू होती, त्याच प्रांतात आज माझी मुलगी दर शनिवारी निर्धास्तपणे मराठी बाराखडी गिरवते. तुमच्या लेकरांना जे नाकारले गेले ते आमच्या लेकरांना सहज मिळते, याची मला त्या भिंतीपाशी लाज वाटली. तुम्ही मात्र आमच्या मराठी शाळेबद्दल आस्थेने विचारलेत, आणि मुलीने म्हणून दाखवलेली बाराखडी शेवटपर्यंत ऐकलीत.

पुढच्या ३० सप्टेंबरला खुर्च्या मांडण्यापासून आवराआवरीपर्यंतचे काम आमच्याकडे द्यावे, ही विनंती. मुलगी तुम्ही शिकवलेला 'अख्सोथा' हा मोहॉक भाषेतला शब्द घरभर म्हणत असते. माझी आजी, असा त्याचा अर्थ तिने पुण्याच्या आजीलाही फोनवर समजावून सांगितला आहे.

तुमची कृतज्ञ,
एक मराठी आई